फक्कीनं आखलेलं घर

मी नाशिकला गेलो तो अक्काला घेऊन यायला, आणि परत आलो एकटाच. कॉलनीतले लोक आता विचारतात, "अक्का कुठंय?" त्यांचं काही चुकत नाही. जाण्याआधी मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मागची खोली रंगवून घेतली, संडासात कमोड बसवला, खिडकीला डासांची जाळी मारली. बहीण कायमची येणार हे रंगाऱ्यालासुद्धा पाठ झालं होतं. आता एकेकाला फाटकात उभं करून सगळी हकिगत सांगायची म्हणजे घरातला चहा गार होतो. म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठं लागली हे ओरडून सांगण्यात नोकरी गेली, त्यामुळं माझा आवाज मोठा आहे आणि कुणी कुठल्या गाडीत बसावं हे दुसऱ्याला सांगायची खोड अजून गेलेली नाही. बायको गेल्यापासून घरात एकटा असतो. अक्का माझ्याहून मोठी. लहानपणी आई रानात जायची तेव्हा मला कडेवर घेऊन फिरली ती हीच. लग्न करून नाशिकला गेली. दाजी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. तो कारखाना बंद पडला, भाड्याची खोली सुटली आणि दोघं पंचवटीच्या पलीकडं खदानवाडीत राहायला गेले. दाजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दर दिवाळीला मी म्हणायचो, अक्का, माझ्याकडं चल. ती म्हणायची, बघू.

मग गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "आमची गल्ली पाडून नवी बांधायचं चाललंय." मी त्यातलं 'पाडून' एवढंच ऐकलं आणि रंगाऱ्याला बोलावलं.

शुक्रवार

प्रवासाचं काही सांगत नाही. एसटीत नोकरी केलेल्या माणसानं एसटीला चांगलं म्हटलं तर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि वाईट म्हटलं तर खाल्ल्या मिठाला जागला नाही म्हणतात.

सिंहस्थ तोंडावर आल्यामुळं नाशिक सगळीकडून खणून ठेवलं होतं. रिक्षावाल्यानं मला पंचवटीच्या बोळांतून फिरवत नेलं. एका स्कूटरवर दोन भटजी चालले होते, मागच्याच्या मांडीवर पूजेचं ताट आणि ताटात नारळ घरंगळू नये म्हणून त्याची कसरत चाललेली. भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग गाडीच्या चाकापर्यंत आले होते. "गंगेला पाणी कमीय सध्या," रिक्षावाला म्हणाला. मला जरा वेळानं कळलं की तो गोदावरीबद्दल बोलतोय. इथं सगळे तिला गंगाच म्हणतात. आम्ही कृष्णाकाठची माणसं आमच्या नदीला तिच्याच नावानं हाक मारतो, पण परमुलखात वाद कशाला घाला म्हणून मी मान डोलावली.

खदानवाडी म्हणजे जुन्या दगडाच्या खाणीभोवती वसलेली वस्ती. खाण केव्हाच बंद झाली, तिचा खड्डा भरून सपाट मैदान झालंय, आणि वरच्या कडेनं घरं. अक्काची गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी हंडा घेऊन आलं तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. वर पत्रे, पत्र्यांवर दगड, दगडांत अडकलेले पतंग.

अक्का दारातच उभी होती. मला बघून ती आधी माझ्याकडं आलीच नाही. तिनं समोरच्या दाराकडं तोंड करून दोन बोटं स्वतःच्या वरच्या ओठावर फिरवली. समोरच्या दारात एक बारकुशी बाई चूल फुंकत बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं नीट निरखून पाहिलं, आणि तळहात तिरपा करून बशीतून चहा प्यायल्यासारखी खूण केली. अक्कानं मान हलवली.

"ही शेवंता," अक्का म्हणाली. "हिला ऐकू येत नाही. मी सांगितलं भाऊ आलाय, ती म्हणाली चहा टाकते."

"भाऊ म्हणजे मिशी?"

"तुझी खूण मिशीच आहे. तुझ्या फोनबद्दल तिला सांगायचं तरी कसं?"

म्हणजे मी नाशिकला येण्याआधीच माझी मिशी या गल्लीत कितीतरी वेळा येऊन गेली होती. चहा घेऊन शेवंताबाई स्वतः आल्या. "मामा, बसा," त्या म्हणाल्या, आणि मी चमकून उभाच राहिलो. त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, त्यामुळं त्या साधं बोलल्या तरी पार खाणीपर्यंत जातं. माझा आवाज मोठा आहे असा माझा जन्मभर समज होता, तो त्या दिवशी उतरला. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली मला मामा म्हणायला लागली होती.

जेवायला बाजरीची भाकरी, भरीत आणि काळ्या मसाल्याची आमटी. मी मिरजेहून कांदालसूण चटणी नेली होती. अक्कानं ती कौतुकानं हुंगली, बरणीत भरली, फळीवर ठेवली आणि आमटीत मात्र इथलाच मसाला घातला. बोलणंही तिचं बदललंय. 'नाय', 'हाय' करते. मी खोलीचं काढलं. रंग कुठला दिला, खिडकी कुठल्या बाजूला आहे, सकाळी ऊन कसं येतं.

"जेव आधी," ती म्हणाली.

"हे घर तर पाडणार आहेत. नवं तुला हवंय का?"

"मला नको ते नवं घर."

"मग माझ्याकडं चल."

"ते पण नको."

"मग काय पाहिजे काय तुला?"

"गप बस की."

ही मात्र अस्सल मिरज होती. अक्काला राग आला किंवा काही लपवायचं असलं की तिचं नाशिक गळून पडतं.

उन्हं उतरल्यावर सुनीता भेटायला आली. अंगणवाडीत शिकवते, बोलायला शांत, आणि नव्या घरांचं सगळं जी वस्तीची समिती बघते तिची प्रमुख. अक्का पाणी भरायला गेली होती ती संधी साधून ती म्हणाली, "मामा, न्यायला आलात म्हणे."

"हो."

"न्या ना. आमचं कामच सोपं होईल."

तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की मला रागच आला. मग तिनं उलगडून सांगितलं. घरं एकदम नाही, एकेक गल्ली करून बांधायची आणि गल्लीतलं प्रत्येक घर हो म्हणेपर्यंत कुदळ मारायची नाही, हा नियम वस्तीनं स्वतःच घालून घेतलाय. पहिल्या गल्लीत एका आजोबांना पोपटाच्या पिंजऱ्यासाठी दारातच जागा हवी होती, तर सगळे थांबले. या गल्लीत अक्का सोडून सगळे हो म्हणालेत. अक्का नुसतं 'मला नको' म्हणते. का ते सांगत नाही.

"त्या गेल्या तर उद्या काम सुरू होईल," सुनीता म्हणाली. "पण त्या गेल्या म्हणून आमची घरं झाली असं नको व्हायला. तुम्ही रविवारपर्यंत थांबा. मग त्या यायला तयार असल्या तर मी स्वतः स्टँडवर सोडायला येते."

मी थांबायचं ठरवलं. मनात म्हटलं, रविवारी नाही तर सोमवारी, अक्का माझ्या गाडीत बसणारच.

शनिवार

सकाळी मिसळ खाल्ली. मिसळीबरोबर पापड आला, दह्याची वाटी आली आणि शेवटी जिलबी आली. आमच्याकडं मिसळ म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी, दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. इथं माणसाला आधी भाजतात आणि मग त्याची समजूत काढतात. बरी होती. यापेक्षा जास्त सांगली-मिरजेच्या माणसाकडून अपेक्षा करू नये.

नंतर मृणालनं मला बांधून झालेली पहिली गल्ली दाखवली. मृणाल म्हणजे या घरांची आर्किटेक्ट. गंगापूर रोडला राहते, स्कूटीवर येते, केसांत कायम एक पेन्सिल खोचलेली. गंगापूर रोडवरून येऊन हिला पत्र्याखाली राहणाऱ्यांचं काय कळणार, असं मी मनात म्हटलं होतं. पण गल्लीत शिरलो आणि ते म्हणणं मागं घेतलं.

तीच जागा, तीच माणसं, पण रिक्षा दारापर्यंत येत होती. त्यासाठी प्रत्येक घरानं आपल्या पुढच्या भिंतीतून हातभर जागा सोडली होती. विटांची दुमजली घरं, बाहेरून जिना, दारापुढं बसायला ओटा. घरं सारख्याच मापाची, पण एकसारखी एकही नाही. एकीच्या खिडकीत शिलाई मशीन बसेल एवढा कट्टा होता. एकानं देवळीत खाणीतला दगड बसवून घेतला होता, कारण त्याच्या बापानं तो फोडला होता. आजोबांचा पोपट दारात टांगलेला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत होता.

"चुकाही झाल्या," मृणाल म्हणाली. "भांडी घासायची मोरी मी आत दिली. कुणी वापरतच नाही. सगळ्याजणी भांडी घेऊन उन्हात येऊन बसतात. आता पुढच्या गल्लीत मोरी बाहेर आहे."

"आणखी काय बदललं?"

"दारं. इथं बघा, दारं समोरासमोर आहेत. इथल्या बायका म्हणाल्या, समोरच्या घरातलं भांडण आमच्या ताटात येतं. म्हणून तुमच्या अक्कांच्या गल्लीत दारं सरकवून घेतलीत. कुणाचंच दार कुणाच्या दारासमोर येणार नाही. वस्तीतल्या बुद्धविहारात बैठक झाली तेव्हा सगळ्यांनी हात वर केले."

"अक्कानं?"

मृणालनं केसांतली पेन्सिल चाचपली. "आठवत नाही," ती म्हणाली.

मी ते तेवढ्यावरच सोडलं. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

संध्याकाळी गल्लीभर जुन्या साड्या गोळा करायचं चाललं होतं. रविवारी या साड्यांच्या भिंती होणार असं मला सांगण्यात आलं. आमच्याकडं जुन्या साडीची गोधडी होते, फार तर वाकळ. अक्कानं पेटीतून दोन साड्या काढून दिल्या. त्यातली एक आमच्या आईची होती, ती मी परत घ्यायला लावली. "भिंतीलाच तर लावायचीय," ती म्हणाली, पण ठेवून दिली.

रविवार

या लोकांची घर बांधायची रीत अशी आहे की कागदावर घर पसंत पडलं तरी त्याला पसंत म्हणत नाहीत. ते आधी मैदानावर खऱ्या मापाचं आखतात आणि त्यात एक दिवस राहून बघतात. गल्लीतले सगळे सकाळीच खाणीच्या मैदानात उतरले. चांगलीच थंडी होती. मी कानटोपी घालून गेलो होतो. मैदानात मृणाल दोरी धरून वाकलेली आणि दोघंजण कबड्डीचं मैदान आखावं तशी फक्की टाकत चाललेले. पांढऱ्या रेघा पुढं सरकत गेल्या आणि बघता बघता सगळी गल्ली जमिनीवर उमटली. हे शेवंताबाईंचं, हे सुनीताचं, हे अक्काचं. दाराच्या जागी रेघ मोडलेली. मग एका टोकाकडून रेघांवर बांबू रोवून साड्यांच्या भिंती बांधत यायला सुरुवात झाली.

मी अक्काचं घर बघायला म्हणून सरळ चालत गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, "मामा, भिंतीतून आलात."

सगळे हसायला लागले. सुनीता म्हणाली, "दारातून या, मामा." मी मागं फिरलो, दारापाशी गेलो, चपला काढल्या आणि आत आलो. चपला का काढल्या ते मला आजही सांगता येत नाही.

दुपार होईतो भिंतीतून कोणी जाईना झालं. बायका वळसा घालून दारातून जात होत्या. एक जण शेजारणीकडं मीठ मागायला गेली तर दारात थांबून तोंडानंच कडी वाजवली. विटा मांडून प्रत्येकीनं आपापल्या स्वयंपाकाच्या जागी चूल पेटवली. मृणालचं सांगणं एवढंच होतं, रोज घरात जे करता तेच करा, जिथं अडेल तिथं मला हाक मारा. कुठं कुणाचं ढुंगण जिन्याला लागत होतं, कुठं कपाटाचं दार उघडत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ती पायानं रेघ पुसायची आणि नवी मारायची. मधे एका बकरीनं सुनीताची मागची भिंत पदरापासून खायला घेतली, तेव्हा जरा पळापळ झाली.

अक्का मात्र तिच्या घरात जाईना. कडेला निंबाखाली घमेलं पालथं घालून बसून राहिली. मी मनात खूश होतो. सकाळची गाडी कुठली धरायची याचाही विचार करून ठेवला होता.

शेवटी चहाची वेळ झाली. शेवंताबाई आपल्या घरात चुलीशी बसल्या होत्या, आणि अक्का उठून पहिल्यांदा आपल्या घरात गेली. दारातून. चुलीच्या जागी जाऊन बसली, पातेलं ठेवलं. त्यावेळी त्यांच्या बाजूला नुसत्या रेघा होत्या, साड्या लावायच्या राहिल्या होत्या. अक्कानं मान वर करून हात तिरपा केला. शेवंताबाईंनी पलीकडून मान हलवली. एवढ्यात बांबू रोवणारे तिथं आले. त्यांनी सुनीताची जांभळी साडी ताणून अक्काच्या पुढच्या भिंतीला बांधली, मग शेवंताबाईंच्या भिंतीला एक हिरवी.

चहा झाला. अक्कानं कप भरला. पुन्हा सवयीनं मान वर केली, हात वर केला. समोर जांभळी साडी. तिचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला.

मी निंबाखाली उभा होतो, तिथून मला दोघी दिसत होत्या. पलीकडं शेवंताबाई हिरव्या साडीकडं बघत बसल्या होत्या. हाक मारून काही उपयोग नव्हता. दार वाजवूनही नव्हता. दोघींमधलं अंतर होतं तेवढंच होतं, पण एकीला दुसरीपर्यंत पोचायला वाट राहिली नव्हती. सकाळी उठलीस का, जेवलीस का, बरं आहे का, हे त्या दोघी इतकी वर्षं दारात बसून हातानं विचारत आल्या होत्या.

अक्का उठली. तिनं जांभळ्या साडीची एका बाजूची गाठ सोडली, साडी गोळा करून बांबूला गुंडाळली आणि परत येऊन चुलीशी बसली. भर मैदानात तिनं आपल्या घराची भिंत पाडली होती.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही नको का म्हणत होती आणि का ते सांगत का नव्हती. सांगितलं असतं तर विहारातल्या बैठकीत एकच गोष्ट झाली असती. सगळ्या गल्लीची घरं शेवंताच्या बहिरेपणामुळं अडली, असं. ते कुणी शेवंताबाईंना म्हणू नये म्हणून अक्कानं सगळ्यांचा राग स्वतःवर घेतला होता. आणि मी तिला डासांच्या जाळीचं कौतुक सांगत होतो. कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

मृणालनं केसांतली पेन्सिल काढली होती. ती अक्काकडं बघत होती, मग हिरव्या साडीकडं, मग परत अक्काकडं. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर विचारणार. तिनं काही विचारलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "इथं वारा खेळत नाही. चुलीपुढं खिडकी राहून गेली, माझी चूक. आणि समोरच्या घरालाही इथं खिडकी लागेल, नाहीतर वारा जाणार कुठून?" आणि तिनं वाकून दोन्ही भिंतींवर समोरासमोर रेघा मोडल्या. दारं सरकवलेली तशीच राहिली. गल्लीचं म्हणणं राहिलं आणि अक्काचंही राहिलं.

हिरवी साडी बाजूला झाली. शेवंताबाई चुलीशीच बसल्या होत्या. त्यांनी नव्या खिडकीकडं पाहिलं, मृणालकडं पाहिलं, आणि त्यांच्या त्या खाणभर आवाजात म्हणाल्या, "हिला वाटतं मला कायबी कळत नाय. कान गेलेत माझे. डोळे नाय गेले."

सगळं मैदान हसलं. अक्काही हसली, पण पदर डोळ्यांना लावून.

"अक्का, मग?" सुनीतानं विचारलं.

"बांधा," अक्का म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मागच्या खोलीला दिलेला आकाशी रंग डोळ्यांपुढं आला. संध्याकाळी एकट्यानं टीव्ही लावणं डोळ्यांपुढं आलं. मी जाऊन अक्काच्याच पालथ्या घमेल्यावर बसलो. इथल्या लोकांचं सगळं जुळून आलं, याचा आनंद मोठ्या माणसासारखा मला करता येईना.

तेवढ्यात अक्कानं हाक मारली, "बाळू, इकडं ये."

मी गेलो. दारातून. ती पुढच्या खोलीत उभी होती. हातात फक्कीचा डबा. खिडकीशेजारी, पुढच्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत तिनं एक लांबट चौकोन आखला होता, वाकडातिकडा, एका कोपऱ्यात फक्की जास्त सांडलेली.

मृणाल आली. "अक्का, हे काय?"

"खाट."

"तुमची आतल्या खोलीत आहे ना?"

"ही बाळूची."

मी म्हटलं, "अक्का, मी तुला न्यायला आलोय."

"ठाऊक आहे की. लय दिवस न्यायला येतोस. तिकडं तू एकटा, ते पण ठाऊक आहे. माझी तुझ्या घरात खोली आहे तशी तुझी माझ्या घरात खाट आहे. झोप."

"इथं?"

"रोज जे करता तेच करायचं असतं आज. झोपून बघ."

मी आजूबाजूला पाहिलं. सगळी गल्ली बघत होती. माझ्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. मी आधी उकिडवा बसलो, मग हात टेकला आणि त्या पांढऱ्या चौकोनात आडवा झालो. जमीन गार होती. वर निळं आभाळ, एका बाजूला कुणाच्यातरी लग्नातली लाल साडी वाऱ्यानं फुगत होती. पाय सरळ केले तर टाचा रेघेच्या बाहेर गेल्या.

"पाय बाहेर राहतात," मी म्हणालो.

"वर सरक."

"वर सरकलो तर डोकं भिंतीला लागतं."

मृणाल गुडघ्यावर बसून बघत होती. "भिंत बाहेर घेता येईल," ती म्हणाली. "पण मग ओटा वीतभर कमी होईल, अक्का. बाहेर बसायची जागा."

ओटा म्हणजे अक्काचा जीव. दुपार कलली की ती तिथंच बसते. तिनं क्षणभर रेघेकडं पाहिलं.

"कर कमी. माझा भाऊ उंच आहे. आमच्या घरात सगळ्यांत उंच हाच."

मृणालनं पायानं रेघ पुसली, वीतभर पुढं नवी मारली. मी वर सरकून पाय लांब केले. बसले.

मान वळवून पाहिलं तर नव्या खिडकीतून शेवंताबाई विचारत होत्या, काय चाललंय म्हणून. अक्कानं दोन बोटं ओठावर फिरवली आणि मग दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले. मिशी झोपलीय. शेवंताबाईंनी मान डोलावली. मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर सगळ्यांना दिसलं असतं.

सोमवारी मला स्टँडवर सोडायला अक्काच आली. घरं होईतो मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं होतं सगळ्यांनी. मी म्हटलं, "तेवढे दिवस तरी चल. पत्र्यात कशाला राहतेस?"

"नव्या भिंतींना पाणी कोण मारणार? सकाळचं पाणी माझ्याकडं आहे, संध्याकाळचं शेवंताकडं. पाणी नाही मारलं तर भिंत कच्ची राहते, बाळू." गाडी सुटताना तिनं खिडकीतून नागलीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, पापडांची पिशवी आत दिली आणि मला बजावलं, खोलीची खिडकी उघडी टाकत जा, नाहीतर रंगाचा वास राहतो.

आता परवा फोन आला होता. पुढची भिंत खिडकीपर्यंत आलीय म्हणे. अक्का कधी येणार, असं लोक अजूनही विचारतात. येईल तेव्हा येईल, खोली तयार आहे. आधी मला जायचंय. मला तिथं माझी खाट टाकायची आहे.